पुढची लिफ्ट

साधू, साधू, साधू असा तीनदा साधुकार झाला आणि जयवंत कासारेने माइक हेमचंद्रच्या हातात दिला. चाळीतल्या विहाराचा हॉल शिगोशीग भरला होता. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, मागे भिंतीला टेकून उभी राहिलेली पोरं, आणि पुढे बुद्ध-बाबासाहेबांच्या प्रतिमांखाली जयवंतच्या आईचा फोटो. कमलाबाई फोटोतसुद्धा जरा रागावलेल्याच दिसत होत्या. हसा म्हटलं की त्यांना राग यायचा.

"आपल्या विहारात एवढं मोठं दान आजवर कुणी दिलं नव्हतं," हेमचंद्र म्हणाला. तो कमिटीचा अध्यक्ष आणि जयवंतचा शाळासोबती. त्याचा आवाज भरून आला होता आणि त्यात नाटक नव्हतं. पुण्यानुमोदनाला नातेवाईक गेलेल्या माणसाच्या नावाने दान बोलतात, कुणी सतरंजी, कुणी पंखा, कुणी एका वेळचं जेवण, आणि ते लगेच भिंतीवरच्या फळ्यावर खडूने लिहिलं जातं. 'विकास सीताराम कासारे, दोन पंखे' या ओळीखाली हेमचंद्रने मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'कासारे भावंडे, मुलींच्या अभ्यासिकेसाठी संपूर्ण जागा'.

जयवंत माइकवर जे बोलला ते असं होतं. चाळ पडून टॉवर होणार आहे. आमच्या खोलीच्या बदल्यात जी जागा मिळेल ती मी आणि माझी भावंडं आईच्या नावाने चाळीतल्या मुलींना देत आहोत. नलूताई आता प्रभादेवीला माझ्याकडे राहील, तिथे तिची स्वतःची खोली तयार आहे.

मी आणि माझी भावंडं. भावंडांना ही बातमी हॉलमधल्या बाकीच्या लोकांबरोबरच कळली होती.

जागेवर येऊन बसताना त्याने बहिणीकडे पाहिलं. साधू म्हणताना सगळ्यांनी हात जोडले होते. नलूताईचे हात मांडीवर होते, आणि ती फळ्याकडे बघत होती.

चाळीत कुणी विचारलं, बाई, तुमचा थोरला मुलगा करतो काय, की कमलाबाई सांगायच्या, "कंपन्यांच्या सोयरिकी जुळवतो." इन्व्हेस्टमेंट बँकरच्या धंद्याचं याहून सोपं वर्णन जयवंतलाही कधी जमलं नव्हतं. एक कंपनी दुसरीला विकायची, दोघांना वाटलं पाहिजे की आपणच जिंकलो, आणि मधल्या माणसाने आपली फी घेऊन बाजूला व्हायचं. यात तो मोठा झाला. इतका मोठा, की पन्नाशी ओलांडल्यावर त्याने धंदा सोडला आणि मिळवलेलं वाटायला घेतलं. शिष्यवृत्त्या झाल्या, शाळांची स्वच्छतागृहं झाली, परळच्या एका इस्पितळात वॉर्ड झाला. लोक त्याला दानशूर म्हणत, आणि म्हणणाऱ्यांत खोटं बोलणारे थोडे होते.

पण धंद्यातली एक सवय सुटली नव्हती. घरगुती कंपन्यांच्या सौद्यात एखादा भाऊ हमखास अडून बसतो. अशा वेळी जयवंत त्याची समजूत घालत बसायचा नाही. तो मेजवानी ठरवायचा, सगळा गोतावळा बोलवायचा आणि सौदा झाल्याचं जाहीर करून टाकायचा. चार माणसांत शब्द गेला की अडलेला भाऊ मुकाट सही करतो. हाताखालच्या पोरांना तो सांगायचा, "विचारलं की माणूस विचार करतो, आणि विचार केला की नाही म्हणतो." पोरं हसायची आणि लक्षात ठेवायची.

जेवणाची पंगत बसेपर्यंत घरची माणसं वर खोलीत गेली. चौथ्या मजल्याच्या गॅलरीत आकांक्षा उभी होती. शेजारची मुलगी, सीएची परीक्षा देणारी, जिन्याच्या पायरीवर बसून अभ्यास करणारी. तिने नलूताईचे दोन्ही हात धरले.

"आत्या, थँक्यू. मला तर रडूच आलं खाली. मी सगळ्या मुलींना सांगितलं, आत्या आपली जागा देतेय आपल्याला."

"जेवलीस का?" नलूताईने विचारलं.

"नाही अजून."

"जा, जेवून घे. बुंदी संपेल."

मुलगी गेली. नलूताई आत आली आणि तिने दार लोटून घेतलं. चाळीत दिवसा दार लोटलं की शेजारी समजतात, आत काहीतरी शिजतंय. पोटमाळ्याखालच्या कॉटवर आईची उशी अजून तशीच होती. त्या कॉटच्या कडेला विकास बसला, उशीपाशी नलूताई बसली, जयवंतची बायको प्रिती खिडकीपाशी उभी राहिली, आणि जयवंतला बसायला कुणी सांगितलं नाही.

"दादा, हे काय केलंस तू?" सुरुवात विकासनेच केली. तो धाकटा, बदलापूरला राहणारा, बोलण्याआधी नेहमी कुणाची तरी बाजू बघणारा. आज त्याला वेळच मिळाला नव्हता. "माझी पण सही लागते ना? ताईची लागते. एका शब्दाने विचारायचं."

"आईचं नाव राहील, विकास."

"आईचं नाव राहू दे रे. माझ्या पोराचं, शिवाचं काय? नवी जागा झाली की माझा हिस्सा काढून त्याचं बघणार होतो मी. ताईला पण माहितीये. बोल ना ताई."

महापालिकेच्या इस्पितळात नलूताईने जन्मभर नर्सची नोकरी केली, शेवटी वॉर्डाची सिस्टर म्हणून रिटायर झाली. आरडाओरडा करणाऱ्या पेशंटकडे आधी लक्ष द्यायचं नसतं, हे तिला ठाऊक होतं. गप्प पडलेल्याकडे द्यायचं असतं. ती जयवंतकडे बघत होती.

"विकास, जरा बाहेर ये," जयवंत म्हणाला.

दोघे गॅलरीत गेले. लोटलेल्या दाराआडून शब्द कळत नव्हते, पण सूर कळत होता. आधी विकासचा चढा, मग जयवंतचा समजुतीचा, मग विकासचा खालचा. परत आला तेव्हा विकास कॉटवर बसला नाही. भावाच्या बाजूला उभा राहिला.

"ताई, म्हणजे, दादाचंही तसं चुकीचं नाही," तो म्हणाला. "शिवाचं शिक्षण दादाचा ट्रस्ट बघणारे. आणि तू इथे एकटी तरी किती दिवस राहणार? वय झालं तुझं पण."

"किती लवकर पटलं रे तुला," नलूताई म्हणाली.

विकास पायाच्या अंगठ्याने लादी उकरू लागला. लहानपणी मार बसायच्या आधी तो हेच करायचा. जयवंतला ते दिसलं आणि आवडलं नाही. पण एक सही आत आली होती आणि धंद्याचा माणूस पुढच्या सहीकडे बघतो.

"ताई, ऐक. प्रितीने खोली इतकी छान केलीय तुझ्यासाठी. खिडकीतून ही चाळ दिसते. बाई आहे कामाला, डॉक्टर खालीच आहे. जन्मभर तू दुसऱ्यांचं केलंस, आता कुणी तुझं करू दे."

"एक मिनिट," प्रिती म्हणाली. ती सासरच्या भांडणात सहसा पडत नसे. "ताईंना विचारलंय असं म्हणाला होतास तू मला."

"मी म्हणालो, ताईचं मी बघतो."

"आणि मी पडदे शिवायला टाकले. त्यांच्या आवडीचा रंग विचारायला फोन करणार होते, तर तू म्हणालास सरप्राइज राहू दे." ती खिडकीपासून निघाली आणि नवऱ्याला ओलांडून नलूताईच्या शेजारी जाऊन बसली. "मला नाही पटलं हे, जयवंत."

हे जयवंतच्या हिशेबात नव्हतं. घरातलंच माणूस उठून समोरच्या बाजूला बसलं की काय करायचं, याचा त्याला सराव नव्हता.

"मी काय चोरी केलीय का?" त्याचा आवाज चढला. "स्वतःसाठी काही मागतोय? मुलींना जागा देतोय, आईच्या नावाने देतोय. जिन्यात बसतात त्या. याच माळ्यावर बसून मी शिकलो, विसरलो नाही मी."

"माळ्यावर तू शिकलास," नलूताई म्हणाली. "त्याच्या आधी तिथं माझी पुस्तकं होती. तुझं दहावीचं वर्ष आलं तेव्हा बाबांनी खाली उतरवली. म्हणाले, हिचं काय, नर्सिंगला जाईल ही. तेव्हाही मला कुणी विचारलं नव्हतं. पण बाबांचं सोड, ते गिरणीतून येऊन जागच्या जागी झोपायचे, त्यांना विचारायचं त्राण नव्हतं. तुला काय झालं होतं?"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"नसते म्हणाले कदाचित."

हे उत्तर त्याला अपेक्षित नव्हतं.

"पण आता बघ," ती तशाच आवाजात म्हणाली. "आता मी सही केली नाही तर मी कोण? पोरींच्या तोंडचा घास काढणारी बाई. आईच्या नावाला काळिमा फासणारी. खाली फळ्यावर लिहिलंय, सगळ्यांनी साधू म्हटलंय. त्या आकांक्षाने तर सगळ्या मुलींना सांगूनही टाकलंय. तू मला नाही म्हणायला जागाच ठेवली नाहीस. हे तू शिकून आलास, इथलं नाही हे."

खालून पंगतीत वाढणाऱ्यांचे आवाज येत होते, वरण कुणाला, भात कुणाला.

"सकाळी पंचशील घेतलंस?" नलूताईने विचारलं.

"ताई, प्लीज."

"घेतलंस ना? दुसरं शील म्हण."

जयवंत पंचावन्न पार केलेला माणूस. मोठमोठ्या शेठजींनी त्याच्यासमोर आवाज खाली केलेला. पण या खोलीत या आवाजाने सांगितलं की पाढे म्हणायचे असतात, हे अंगात मुरलेलं होतं. "अदिन्नादाना वेरमणी," तो म्हणाला, "सिक्खापदं समादियामि."

"अर्थ?"

"न दिलेलं घेणार नाही."

"मी तुला दिली होती खोली?"

"मी घेतली कुठे, ताई? दिली."

"घेतल्याशिवाय दिलीस कशी?"

विकासने मान वळवली. प्रितीने डोळे मिटले. जयवंतला राग आला, मग लाज वाटली, मग पुन्हा राग आला. आई जाऊन पुरते पंधरा दिवस झाले नव्हते आणि आपण तिच्या उशीसमोर हे काय करतोय, असंही त्याला वाटलं.

"आई असती तर खूश झाली असती," तो म्हणाला. "ती माझ्याकडे राहायला आली नाही ते सोड. उंचावर घेरी यायची तिला. पण हे तिला आवडलं असतं."

"घेरी," नलूताई म्हणाली.

"तीच म्हणायची."

"तू नवं घर घेतलंस तेव्हा ती शेवंतीबाईंना घेऊन आली होती, आठवतं? आणि अजून चौघीजणी. तिच्या गिरणीतल्या वाइंडिंग खात्यातल्या. माझ्या पोराचं घर बघा म्हणून. हिंदमाताला जाऊन साडी घेतली होती त्यासाठी."

"वॉचमनने मागच्या लिफ्टने पाठवलं. माहितीये मला. मी सोसायटीला पत्र लिहिलं होतं, ताई. वॉचमन बदलला त्यांनी."

"वॉचमन बदलला," ती म्हणाली. "त्या लिफ्टमध्ये सिमेंटच्या गोणी होत्या आणि कचऱ्याचे डबे. सहा म्हाताऱ्या त्यात उभ्या राहून वर आल्या. तू दार उघडलंस, हसलास, म्हणालास, अगं आई, इथून कशी आलीस. आणि परत जाताना त्या त्याच लिफ्टने गेल्या, कारण तू फोनवर होतास. तिला कसली घेरी येणार? वाइंडिंगच्या मशिनवर तीस वर्षं उभी होती ती. शेवंतीबाईंना तोंड दाखवायची लाज वाटली तिला. तुझं नाव खराब नको म्हणून घेरी सांगायची."

फोनवर कोण होतं हे आठवायचा जयवंतने प्रयत्न केला, पण आठवलं नाही. पत्र मात्र आठवलं. चांगलं लिहिलं होतं, आणि ते पाठवल्यावर प्रकरण मिटलं असं समजून त्याने ते डोक्यातून काढून टाकलं होतं.

"मी खाली जातो," तो शेवटी म्हणाला. "शब्द परत घेतो. हेमूला सांगतो, पुसून टाक."

"काही पुसायचं नाही." नलूताई उठली. साडीचा पदर तिने खांद्यावर नीट केला, राउंडला निघताना करायची तसा. "पोरींच्या डोळ्यांदेखत पुसणार तू? चल खाली. मला बोलायचंय."

"काय बोलणारेस?"

"तू मला विचारलं होतंस का, काय बोलणारेस म्हणून?"

हॉलमध्ये शेवटची पंगत उठली होती. सरणत्तयं ही शेवटची गाथा होऊन सभा संपायची तेवढी राहिली होती. हेमचंद्रने नलूताईला येताना पाहिलं आणि माइक पुढे केला. थोरल्या लेकीने दोन शब्द बोलावे हे त्याला साहजिकच वाटलं. जयवंत खांबाशी उभा राहिला. आपली बहीण आता काय करील याचा त्याला अंदाज येत नव्हता.

"माझं थोडं राहिलंय," नलूताई म्हणाली. तिने माइक तोंडापासून लांब धरला होता. तिच्या आवाजाला त्याची गरज नव्हती. "भावाने अभ्यासिका बोलली. आमची जागा आहे, माझीही आहे. मी असेपर्यंत त्या जागेत मी राहणार. माझ्यामागे ती मुलींची. तसं मी लिहून देईन, विकासही देईल."

हॉलमध्ये कुजबुज झाली. आकांक्षाने मैत्रिणीकडे पाहिलं. विकासने मान हलवली, जोरात आणि दोनदा.

"पण टॉवर कधी होईल ते बिल्डरला पण माहीत नाही." चारदोन माणसं हसली. "परीक्षा काय तेवढ्यासाठी थांबतात? आता दुसरं. भावाने तुमच्यासमोर मला प्रभादेवीला खोली दिली. मोठी आहे, उजेडाची आहे, आणि मला तिचा उपयोग नाही. ती खोली उद्यापासून मुलींना अभ्यासाला द्यावी, असं माझ्या मनात आहे."

मागून कुणीतरी "साधू" म्हणायला सुरुवात केली. नलूताईने हात वर केला आणि वॉर्ड शांत करावा तसा हॉल शांत केला.

"थांबा. साधू म्हणायचं नाही अजून. घर माझं नाही, त्या दोघांचं आहे. त्यांना विचारल्याशिवाय मला ते देता येत नाही. म्हणून विचारते. प्रिती?"

"हो, ताई," प्रिती जागेवरूनच म्हणाली. "हो."

"जयवंत?"

सगळ्या माना वळल्या. आणि जयवंत कासारेने, त्याच्याच म्हणण्याप्रमाणे, विचारल्यावर माणूस करतो ते केलं. त्याने विचार केला. सोसायटीचे सेक्रेटरी त्याच्या डोळ्यांसमोर आले. रजिस्टरमध्ये नावं, गेटवर चौकशा, रोज कोण मुली येतात, कुठून येतात, किती दिवस, मिस्टर कासारे, ही रेसिडेन्शियल बिल्डिंग आहे. लिफ्टमध्ये बाजूला सरकून उभी राहणारी माणसं आठवली, गुड मॉर्निंग म्हणणारी. वॉर्ड बांधला, शाळा बांधल्या, पण आपल्या उंबऱ्याच्या आत आजवर कुणाला काही दिलं नव्हतं, हे त्याला त्या खांबाशी उभं असताना प्रथमच दिसलं. उत्तर तर तयार होतं. ट्रस्टतर्फे दादरला एक मोठा हॉल भाड्याने घेऊ, जास्त मुली बसतील, जास्त सोयीचं होईल. कुणी नावं ठेवली नसती. उलट आणखी एकदा साधू झाला असता.

"ट्रस्टतर्फे आपण..." त्याने सुरुवात केली.

नलूताई वाट बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तिने खरंच विचारलं होतं, आणि नाही म्हणायला जागा ठेवली होती. पहिल्या रांगेच्या टोकाला भिंतीला टेकून शेवंतीबाई बसल्या होत्या, आईच्या वाइंडिंगमधल्या सोबतिणींत एकट्या उरलेल्या. त्या जयवंतकडे बघत नव्हत्या. आपल्या गुडघ्यावरची साडी सारखी करत होत्या.

"देतो," जयवंत म्हणाला.

"कुठल्या लिफ्टने यायचं त्यांनी?"

हॉलमधल्या बहुतेकांना प्रश्न कळला नाही. हेमचंद्र खडू हातात धरून गोंधळून बघत राहिला. शेवंतीबाईंचा हात मात्र साडीवर थांबला आणि त्यांनी मान वर केली.

"पुढच्या," जयवंत म्हणाला. आवाज फुटला म्हणून त्याने ते पुन्हा म्हटलं. "पुढच्या लिफ्टने. मी स्वतः खाली येऊन घेऊन जाईन. शेवंतीमावशी, पहिल्या दिवशी तुम्ही पण याल का?"

शेवंतीबाईंनी आधी कमलाबाईंच्या फोटोकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग हात जोडले. पहिला साधू त्यांचा होता.